चेअरमनसाहेबांच्या नावावर माझं आतडं

माझं स्वतःचं आतडं मी पहिल्यांदा पाहिलं ते दूध संघाच्या चौकात, वीस फुटी एलईडी पडद्यावर. गुलाबी, ओलं, आक्रसणारं. त्याच्याखाली पिवळ्याजर्द अक्षरांत लिहिलं होतं, ‘मा. धैर्यशीलराव इंगवले. बाहेरून स्वच्छ, आतूनही स्वच्छ.’

माझ्या हातात दुधाची किटली होती. ती मी खाली ठेवली, कारण फेकून मारावीशी वाटत होती.

पण सुरुवातीपासून सांगते. मी वृषाली हणमंत साळोखे, वय सेहेचाळीस, कन्या शाळेत पीटी शिकवते. मी शिट्टी मारली की तीनशे मुली एका रेषेत उभ्या राहतात. पण पोटाबद्दल बोलले की एक माणूस जागचा हलत नव्हता. दोन वर्षं जेवणानंतर तास-दोन तासांनी, बेंबीच्या खाली उजव्या अंगाला, ओलं फडकं पिळावं तसं पिळायचं. वजन अकरा किलो उतरलं. पहिला डॉक्टर म्हणाला गॅस. दुसरा म्हणाला ॲसिडिटी. तिसरा माणूस नव्हताच, फोनमधला होता. त्यानं विचारलं, ‘सासूबाई सोबत राहतात का?’ मी हो म्हणाले, तर त्यानं निदान केलं, ताण. सासूबाई बिचाऱ्या तेव्हा माझ्यासाठी पेज ढवळत होत्या. स्टाफरूममध्ये दोघींनी वेगळं नेऊन विचारलं, “कुठला डाएट गं?”

शेवटी एंडोस्कोपी झाली. माणसं तिला उगाच घाबरतात. सहा-आठ तास काही खायचं नाही, पाणीही सांगतील तेव्हा बंद करायचं. घशात कडू फवारा मारतात, घसा लाकडासारखा होतो. डाव्या कुशीवर झोपायचं. दातांत प्लॅस्टिकचं कडं देतात, नळी चावू नये म्हणून. मग करंगळीएवढी कॅमेऱ्याची नळी आत जाते. उमासे येतात, लाळ गळते, आत हवा भरतात म्हणून खच्चून ढेकर येतात, पण दुखत नाही आणि पाच-सात मिनिटांत संपतं. झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही, एवढंच. माझं जठर स्वच्छ निघालं. मग खालून नळी घातली. त्याच्या आदल्या दिवशी औषधाचं पाणी पिऊन संडासाची जी वारंवार भेट होते, तिच्याबद्दल न बोललेलं बरं. मोठं आतडंही स्वच्छ.

पण या दोन्हींच्या मधे वीस फूट लहान आतडं वेटोळं घालून बसलेलं असतं. वरची नळी तिथवर पोचत नाही, खालचीही नाही. म्हणजे शाळेच्या दोन्ही फाटकांवर शिपाई, आणि मुली कुठं, तर मधल्या मैदानात.

मैदानात पाठवायला गोटी होती. तिचं खरं नाव ‘अंतर्ज्योत’. बोराएवढी कॅप्सूल, तिच्या दोन्ही टोकांना डोळे. पाण्याबरोबर गिळायची. आतडं अन्न ढकलतं तशी तिलाही ढकलत नेतं, आणि ती सेकंदाला चार फोटो काढते. जुन्या गोट्यांची बॅटरी दहा-बारा तासांत मरायची आणि पोटाला पट्टा बांधावा लागायचा. ही अंगाच्या उबेवर आणि हालचालीवर चालते, त्यामुळे मरतच नाही, आणि जवळच्या फोनमधून फोटो पाठवते. फोटो डॉक्टर बघत नाहीत. लाखो फोटो कोण बघणार? ते यंत्र बघतं आणि निकाल देतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांना निकालाखाली सही करायचं काम उरलंय.

माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘रुग्णांनी काय अपेक्षा ठेवावी: कॅप्सूल तीन दिवसांत नैसर्गिकरीत्या बाहेर पडेल. आपणास कळणारही नाही.’

मला कळलं. कारण ती पडलीच नाही.

चौथ्या दिवशी यांच्या फोनवर हिरवी खूण आली. हे म्हणजे माझे मिस्टर, हणमंत, एसटी डेपोत मेकॅनिक. दवाखान्यानं ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून रिपोर्ट त्यांनाच पाठवला होता. पोट माझं, खूण यांना.

“नॉर्मल आलंय गं सगळं!” हे म्हणाले. “कॅप्सूलपण पडली म्हणतायत.”

“माझी गोटी पडली नाही.”

“फोन म्हणतोय पडली.”

“फोन गेलेला का संडासात?”

“एवढीशी ती वस्तू. दिसली नसेल.”

“चार दिवस काडीनं शोधतेय मी, आणि दिसली नसेल? तुम्ही बस दुरुस्त करता. इंजिनात नट पडला आणि फोन म्हणाला, नाही पडला, तर सोडाल ती गाडी घाटात?”

“बसचं वेगळं असतं.”

“काय वेगळं?”

“बस खोटं बोलत नाही.”

बोलून हे स्वतःच दचकले. पण तोंडातनं गेलं ते गेलं. त्या दिवसापासून मी यांचा डबा भरला, पण यांच्याशी बोलले नाही.

दवाखान्यात गेले. काउंटरवर माणूस नव्हता, पडदा होता. गोड आवाजात म्हणाला, “साळोखेताई, आपली कॅप्सूल बाहेर पडली आहे.”

“कुणी बघितली?”

“बहात्तर तासांत सर्वांची पडते. म्हणून आपलीही पडली आहे. आपला नंबर मोकळा करून पुढील रुग्णाला देण्यात आला आहे.”

झालं होतं असं, की जिल्ह्याला चारशेच नंबर मंजूर होते. बहात्तर तास झाले की यंत्र जुन्या माणसाचा नंबर काढून नव्याला चिकटवायचं. माझा चिकटला धैर्यशीलराव इंगवल्यांना.

इंगवले म्हणजे दूध संघाचे चेअरमन. निवडणूक तोंडावर होती. विरोधकांनी ‘संघ पोखरला’ म्हणून रान उठवलेलं. तेव्हा कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की साहेबांनी गोटी गिळायची आणि आतलं सगळं चौकात थेट दाखवायचं. लपवायला काही नाही! साहेबांनी हलगीच्या तालावर गोटी गिळली. पहिल्या दिवशी त्यांचं जठर झळकलं, तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची गोटी दुसऱ्याच दिवशी गुपचूप पडून गेली. पण त्या नंबरची दुसरी गोटी अजून फोटो पाठवत होती, आणि ती जागची हलत नव्हती. यंत्रानं लाल अक्षरांत जाहीर केलं, ‘अडथळा: गंभीर.’

मग काय विचारता! पुण्याहून दोन आणि मुंबईहून तीन सर्जन आले. साहेबांना भरती केलं, अन्न-पाणी बंद, सलाइन सुरू.

मी दूध आणायला गेले तेव्हा साहेबांच्या सलाइनचा चौथा दिवस होता. पडद्याखाली संघाचा प्रचारप्रमुख पोपट माने उभा राहून गर्दीला समजावत होता. पडद्यावर अक्षरं आली, ‘मक्याचे दाणे. सहा ते आठ.’

“बघा!” पोपट ओरडला. “चार दिवस पोटात अन्नाचा कण नाही, तरी आतड्यात मका! मातीतला माणूस हाय आपला!”

मका मी खाल्ला होता. आदल्या संध्याकाळी, शाळेच्या फाटकावर, भाजलेला.

एवढ्यात माझ्या पोटात पीळ पडला. मी वाकले, आणि वाकता वाकता पडद्याकडे बघितलं. ती गुलाबी भिंत आवळत होती. मला कळ चढली तशी ती आवळली, कळ उतरली तशी ती सैलावली. पुन्हा चढली, पुन्हा आवळली. मी मुद्दाम खोकले. वीस फुटी पडदा हादरला. दोनदा खोकले. दोनदा हादरला.

“साहेबांना उचकी लागली!” कुणीतरी म्हणालं, आणि चार बायकांनी हात जोडले.

दोन वर्षं माझं आतडं माझ्या नावावर होतं, तोवर ते गॅस होतं. चेअरमनच्या नावावर गेल्याबरोबर त्याला पाच सर्जन आणि हात जोडणाऱ्या बायका! किटली तिथंच ठेवली आणि चालत दवाखाना गाठला. रिक्षात बसवत नव्हतं.

वरच्या मजल्यावर ऑपरेशनची तयारी झालेली. दाराशी स्ट्रेचरवर चेअरमनसाहेब, भिंतीवर मोठा पडदा, त्याच्यासमोर पाचही सर्जन. बाजूला आपल्या गावचे डॉ. मुजावर, तीस वर्षांच्या अनुभवाचे सर्जन, हातात सहीचं पेन घेऊन. आणि साहेब कळवळून सांगत होते, “अहो, मला काही दुखत नाही हो! भूक लागलीय! मिसळ द्या कुणीतरी!”

“काय सहनशक्ती,” मुंबईचा एक सर्जन हळहळला.

“मला काय होतंय ते मला नाही कळणार?”

“साहेब, पडद्यावर स्पष्ट दिसतंय.”

मला हसू आलं आणि त्या हसण्यानं पुन्हा कळ आली. तिकडं दुखत नाही म्हणणाऱ्याला कापायला निघाले होते आणि इकडं दुखतंय म्हणणारीला घरी पाठवलं होतं.

“ते आतडं माझं आहे,” मी म्हणाले.

सगळ्यांनी वळून बघितलं. दाराशी सिस्टर रुथ कांबळे होती, माझी शाळेतली वर्गमैत्रीण. “वृषाले, काय बोलतीयस?”

“माझी गोटी आत अडकलीय आणि माझा नंबर यांना दिलाय. मुजावरसाहेब, गोटी कुठल्या अंगाला वळली ते कळतं ना पडद्यावर?”

“कळतं,” मुजावर म्हणाले. “तिच्यात दिशा मोजायचं यंत्र असतं. आतड्याच्या वळणांचा हिशोब लागावा म्हणून.”

“मग बघा. रुथ, हात दे.”

“कशाला?”

“फुगडी.”

“वेडी का गं तू? ड्युटीवर हाय मी.”

“दे म्हणते ना!”

कॅप्टन मी होते, शाळेत आणि अजूनही. रुथनं चपला काढल्या, हातांची फुली घातली. पाय पायाला लावले, मागं झुकलो आणि सुरू झालो. मंगळागौरीला बायका ज्या वेगानं घालतात त्याच्या निम्म्यानंच, कारण त्याच्यावर जमेना. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर पंचेचाळिशी ओलांडलेल्या दोन बायका, एक पांढऱ्या गणवेशात, एक ट्रॅकसूटमध्ये. पडद्यावर अक्षरं आली:

‘मा. धैर्यशीलराव इंगवले. सद्यस्थिती: गरगर फिरत आहेत.’

पाचही सर्जननी स्ट्रेचरकडे बघितलं. साहेब उताणे पडलेले, हाताला सलाइन.

“साहेब, कृपया हलू नका,” पुण्याचा सर्जन म्हणाला.

“आरं, कोण हलतंय!”

‘वेग वाढला. दिशा: घड्याळाच्या उलट.’

“रुथ, आता उलटी घे!” मी ओरडले. आम्ही उलट्या फिरलो. ‘दिशा: घड्याळाप्रमाणे.’ आम्ही थांबलो. ‘थांबले.’

पाचही सर्जननी पडद्याकडून आमच्याकडं माना वळवल्या.

चेअरमनसाहेब उठून बसले. “मग माझ्या पोटात काय हाय?”

“भूक,” रुथ धापा टाकत म्हणाली.

त्यानंतर जे झालं त्याचा राग मला चौकातल्या पडद्यापेक्षा जास्त आहे. जल्लोष झाला! पोपट मान्याला फोन गेला, खाली हलगी वाजली, हार आला. साहेबांची सलाइन काढली. पाच सर्जननी हातमोजे उतरवले, कुणी परतीच्या विमानाची वेळ बघितली. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, उपकार झाले,” आणि लिफ्टमधून गेले. आणि ज्या आतड्यासाठी हे सगळे जमले होते, ते तिथंच फरशीवर भिंतीला टेकून बसलं होतं, ट्रॅकसूटमध्ये, उलटी आवरत. त्याच्याकडं कुणी बघेना. त्याला आता नाव नव्हतं ना!

फक्त मुजावर माझ्यासमोर उकिडवे बसले. “बाई, बोट ठेवून दाखवा. कुठं दुखतं?”

दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी बोट ठेवलं. त्यांनी तिथं हात दाबला आणि त्यांचा चेहरा बदलला.

“इथं आतडं अरुंद झालंय. गोटी त्याच्या तोंडाशी बसलीय. असं दुखणं असेल तर आधी विरघळणारी खोटी गोटी देतात. ती अडकली की कळतं, खरी द्यायची नाही. तुम्हाला दिली का?”

“नाही.”

“यंत्रानं गॅस धरला असणार. आता पोट फुगलंय, मागं सगळं तुंबलंय. आज काढलं नाही तर आतडं फुटेल.”

“मग काढा.”

त्यांनी रुथला खूण केली. रुथनं माझं नाव पडद्यावर टाकलं. ‘वृषाली साळोखे. अहवाल नॉर्मल. शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही. हरकत असल्यास एकवीस दिवसांत निकाल मिळेल.’ भुलीचं मशीन, औषधाचं कपाट, ऑपरेशनचं दार, सगळं त्या यंत्राच्या कुलपात. आणि दार उघडं होतं ते एकाच नावावर.

“साहेबांचं ऑपरेशन अजून रद्द केलेलं नाही,” मुजावर हळूच म्हणाले. “केव्हा रद्द करायचं ते माझ्या सहीवर आहे.”

तेवढ्यात हे आले. रुथनं डेपोत फोन केला होता. हाताला ग्रीस तसंच. मला फरशीवर बघून यांनी काही विचारलं नाही, सॉरीही म्हणाले नाहीत. खाली बसले, माझ्या पाठीला हात लावला.

रुथनं संमतीपत्र पुढं केलं. “भावजी, नातेवाइकाची सही. पण पेशंटच्या जागी चेअरमनसाहेबांचं नाव आहे. आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढं जात नाही.”

“कुठला?”

“रुग्णाशी नातं. साहेबांच्या बाबतीत इथं एकच पर्याय आहे. ‘पत्नी’.”

यांनी ग्रीसच्या बोटानं ‘पत्नी’वर खूण केली आणि खाली सही ठोकली, हणमंत बाबूराव साळोखे. यंत्रानं ती मान्य केली. पाच दिवसांत पहिल्यांदा मी यांच्याशी बोलले.

“चेअरमनशी लग्न लावून घेतलंत.”

“गप्प बस गं,” हे म्हणाले, आणि रडायला लागले.

ऑपरेशनच्या टेबलावर छताकडनं आवाज आला, “रुग्णाने आपले पूर्ण नाव सांगावे.”

मुजावर कानाशी वाकले. “तुमचं सांगितलंत तर सगळं बंद होईल.”

माझ्या जिभेवर माझंच नाव होतं. एवढी चिडले होते मी, की वाटलं, ओरडून सांगावं आणि फुटू दे आतडं, पण माझ्या नावानं फुटू दे. मी कोण आहे हे एकदा तरी त्या छताला ऐकू जाऊ दे! मग पीळ आला. असा आला की छत दिसेना. दाराच्या काचेला यांचं नाक चिकटलेलं दिसलं.

मी शिट्टीच्या आवाजात सांगितलं, “धैर्यशील यशवंतराव इंगवले! वय बासष्ट! पुरुष!”

“धन्यवाद, साहेब,” यंत्र म्हणालं. “आवाज जुळला.”

शुद्धीवर आले तेव्हा मुजावर खुर्चीत बसले होते. वीतभर आतडं काढलं होतं. आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. बहुधा आतड्याचा टीबी, तुकडा तपासायला पाठवलाय. तसा निघाला तर कमीत कमी सहा महिने गोळ्या, आणि बरं होतं ते. सहा महिने! दोन वर्षांपूर्वी कुणी बोट ठेवायला सांगितलं असतं तर पोट फाडावंही लागलं नसतं, असं तेच म्हणाले, खाली बघून.

गोटी कुठं आहे विचारलं, तर रुथ तोंडाला पदर लावल्यासारखा मास्क धरून हसायला लागली. गोटी स्टीलच्या वाडग्यात ठेवली होती, उताणी, आणि अंगात साठवलेल्या विजेवर ती अजून फोटो पाठवत होती. रुथनं फोन दाखवला. चौकातल्या पडद्यापुढं पाचशे माणसं जमली होती. पडद्यावर होतं, ‘मा. धैर्यशीलराव इंगवले. लहान आतड्यात चार इसम व एक ट्यूबलाइट आढळली. एक इसम जांभई देत आहे. धोका: मध्यम.’

हसले तर टाके ओढले. हसू थांबवून मी विचारलं, “आणि माझ्या नावावर काय आहे?”

“नॉर्मल,” मुजावर म्हणाले. “ऑपरेशन साहेबांचं झालं. तुम्ही दवाखान्यात आलाच नाहीत.”

त्यांनी खिशातून कागद काढला, साधा, रेघांचा, आणि मांडीवर ठेवून लिहायला लागले. काय सापडलं, काय काढलं, कुठल्या तारखेला. लिहून माझ्या हातात दिला.

मी वाचला आणि परत दिला. “नाव लिहा. वडलांचं नको, नवऱ्याचं नको, माझंच लिहा. आणि वर लिहा, दोन वर्षं दुखत होतं.”

“बाई, निदानात असं नाही लिहीत.”

“लिहा.”

“तपासणीत न दिसलेली गोष्ट आम्ही—”

“डॉक्टर,” कोपऱ्यातून हे म्हणाले, “लिहा ओ. खरं बोलतीय ती.”

मुजावरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. आणि सर्वांत वर, बाकीच्या अक्षरांपेक्षा थोड्या मोठ्या अक्षरांत, लिहायला सुरुवात केली.